सैतानाचं नख, मिस्त्रीचं नख

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगचं काम करणारे एक जुने मिस्त्री आहेत. सिलिंडर ब्लॉक समोर आला की ते लगेच गेज हातात घेत नाहीत. तर्जनीचं नख सिलिंडरच्या भिंतीवरून वरून खाली ओढतात. पिस्टनच्या रिंगा जिथून मागे फिरतात त्या जागी नख अडकलं की म्हणतात, "पायरी पडलीया." मग गेज निघतं. पायरी आहे हे नखानं ठरतं, किती आहे ते गेजनं.

एकदा मी त्यांना फोनवर एका उघडलेल्या इंजिनाचा फोटो दाखवला. माझदाच्या आरएक्स-७ गाडीचं रोटरी इंजिन. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला.

"पिस्टन कुठाय?"

"नाहीत मिस्त्री. हा तिकोनी रोटर फिरतो, तोच पिस्टन समजा."

"आणि व्हॉल्व्ह?"

"तेही नाहीत."

बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी नेमका तो प्रश्न विचारला, जो रोटरी इंजिन उघडणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या पडतो. "ह्ये आतनं घासलं, तर बोअर कसा मारायचा ह्येला?"

त्या वेळी मी "मारता येत नाही" एवढंच म्हणालो. पूर्ण उत्तर बरंच लांब आहे. त्यात हिरोशिमा आहे, जर्मनी आहे, आणि थोडंसं आपलं नगरही आहे.

शेंगेतला त्रिकोण

दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग डोळ्यांसमोर आणा. कमरेत किंचित दबलेली. रोटरी इंजिनाच्या घराचा, म्हणजे रोटर हाउसिंगचा, आतला आकार साधारण तसा. त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. तो एका जागी गरगरत नाही. स्वतःभोवती फिरता फिरता त्याचा मध्यही एक छोटं वर्तुळ काढत जातो, आणि या दुहेरी चालीत त्याची तिन्ही टोकं कायम भिंतीला लागून राहतात. टोकांच्या अधेमध्ये तीन कप्पे तयार होतात. ते फिरता फिरता लहानमोठे होतात, आणि त्यातच हवा-पेट्रोल आत येणं, दाबलं जाणं, पेटणं आणि धूर बाहेर जाणं उरकतं. रोटरची एक फेरी होते तेव्हा मधल्या शाफ्टच्या तीन होतात.

माझदाच्या १३बी इंजिनात असे दोन रोटर असतात. प्रत्येकाचा एक कप्पा ६५४ घनसेंटीमीटरचा, म्हणून इंजिन १३०८ सीसीचं. आकार एवढासा, आवाज मधमाशांच्या पोळ्यासारखा, आणि वरखाली आपटणारं काहीच नसल्यानं थरथर जवळपास नाही.

सगळं छान. अडचण एकच, आणि ती त्या तीन टोकांवर आहे. पिस्टनच्या रिंगा गोल असतात, गोल भिंतीला सगळीकडून सारख्या टेकतात. इथे प्रत्येक टोकावर पट्टीसारखं एक सील खाचेत बसवलेलं असतं, मागून स्प्रिंग. याला एपेक्स सील म्हणतात. आरएक्स-७ च्या नंतरच्या इंजिनांत त्याची जाडी अवघी २ मिलिमीटर. ही पट्टी शेंगेच्या भिंतीवरून कधी उजवीकडे कलत, कधी डावीकडे कलत, मिनिटाला हजारो वेळा घासत जाते. कप्प्यातला दाब राखायचं काम तिचं.

एपेक्स सील एकटं नसतं. रोटरच्या दोन्ही अंगांना मिळून सहा साइड सील, कोपऱ्यांत सहा गोल कॉर्नर सील आणि तेल अडवणाऱ्या चार कड्या असतात. दोन रोटरच्या इंजिनात म्हणजे ६ एपेक्स, १२ साइड, १२ कॉर्नर आणि ८ तेलाच्या कड्या. बहुतेकांच्या मागे आपापली स्प्रिंग. रोटरी इंजिन म्हणजे सीलांचा संसार, बाकीचं लोखंड त्यांना राहायला दिलेलं घर.

हिरोशिमातले ओरखडे

हे इंजिन ज्याच्या नावानं ओळखलं जातं तो फेलिक्स वांकेल १९०२ साली जर्मनीत जन्मला. अभियांत्रिकीचं रीतसर शिक्षण त्याच्याकडे नव्हतं. फिरत्या भागांमधून वायू निसटू न देणं, हा त्याचा आयुष्यभराचा ध्यास. एनएसयू या कंपनीत त्याच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन १९५७ मध्ये चाललं. पुढे तिथलेच अभियंता हान्स डिटर पाश्के यांनी ते आजच्या, सोप्या रूपात आणलं.

जपानमधल्या हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीनं, म्हणजे आजच्या माझदानं, १९६१ मध्ये एनएसयूशी करार केला. मोठ्या कंपन्यांच्या पोटात जायचं नसेल तर आपल्याकडे दुसऱ्या कोणाकडे नसलेलं काहीतरी हवं, असं अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना वाटत होतं. १९६३ मध्ये केनइची यामामोतो यांच्या हाताखाली रोटरीचा वेगळा विभाग सुरू झाला. माणसं सत्तेचाळीस. जपानी लोककथेतल्या सत्तेचाळीस निष्ठावंत सामुराईंची आठवण त्यावरून तेव्हाही काढली गेली, आजही काढतात.

चाचणीला लावलेलं इंजिन २०० तासांच्या आसपास दम टाकायचं. उघडून बघावं तर हाउसिंगच्या चकचकीत भिंतीवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा. भिंतीवरून जाताना सील नुसतं घासत नव्हतं, थरथरत होतं, आणि प्रत्येक थरथरीबरोबर क्रोमचा थर उकरत होतं. हिरोशिमातल्या अभियंत्यांनी या खुणांना नाव दिलं, सैतानाच्या नखांचे ओरखडे.

त्यांनी शोधलेली वाट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. त्यांनी भिंत आणखी कठीण करण्यावरच सगळा भर दिला नाही. सीलच्या टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून त्याच्या थरथरीची लय बदलून पाहिली, आणि ओरखडे थांबले. पुढे प्रत्यक्ष गाडीसाठी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील तयार केलं, स्वतः झिजेल पण भिंतीला खाणार नाही असं. ३० मे १९६७ ला माझदाची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली ती हेच सील घेऊन.

त्याच वर्षी एनएसयूनं रो ८० ही देखणी मोटार आणली. १९६८ मध्ये तिला युरोपात 'वर्षातली मोटार' हा मान मिळाला. पण सुरुवातीच्या गाड्यांची सीलं लवकर झिजली, आणि हमीपोटी इंजिनं बदलून देता देता कंपनी जेरीस आली. रो ८० चे मालक रस्त्यात समोरासमोर आले की बोटं वर करून एकमेकांना आपापल्या गाडीची कितवी इंजिनबदली ते सांगत, असा किस्सा आजही सांगतात. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

झिजायचं कोणी, हे ठरवणं हा रोटरी इंजिनाचा मूळ प्रश्न आहे. स्वस्त सील झिजावं, महाग भिंत वाचावी. इंजिन पुन्हा बांधणाऱ्याला शेवटी याच एका वाक्याशी यावं लागतं.

मसाल्याच्या डब्यासारखे कप्पे

इंजिन दमलंय हे आधी कळतं ते दाब मोजून. पिस्टनच्या इंजिनात स्पार्क प्लग काढून गेज लावलं की एका सिलिंडरचा एक आकडा मिळतो. रोटरीत एका प्लगच्या भोकासमोरून एकामागून एक तीन कप्पे जातात, म्हणून काटा तीनदा उसळतो, आणि तिन्ही उसळ्या वेगवेगळ्या मोजायला त्याचं खास यंत्र लागतं. माझदाच्याच आरएक्स-८ गाडीसाठी कंपनीची खालची मर्यादा मिनिटाला २५० फेऱ्यांवर ६८० किलोपास्कल, आणि एकाच रोटरच्या कप्प्यांतला फरक १५० च्या आत. तीनपैकी एकच उसळी मेली असेल तर एखादं साइड किंवा कॉर्नर सील अडकलं असू शकतं. लागोपाठच्या दोन मेल्या तर त्या दोहोंमधल्या एपेक्स सीलवर संशय, कारण एक टोक दोन कप्प्यांची मधली भिंत असतं.

मग इंजिन खाली उतरतं. आरपार गेलेले लांब बोल्ट निघाले की ते सँडविचसारखं सुटं होतं. बिडाची प्लेट, हाउसिंग, मधली प्लेट, दुसरं हाउसिंग, शेवटची प्लेट. चांगला कारागीर या वेळी शेजारी कप्प्यांचा डबा ठेवतो, घरातल्या मसाल्याच्या डब्यासारखा. पहिल्या रोटरचं पहिल्या टोकाचं सील पहिल्या कप्प्यात, दुसऱ्याचं दुसऱ्यात. प्रत्येक सील आपापल्या खाचेत आणि आपापल्या भिंतीवर झिजलेलं असतं. ते परत बसवायची वेळ आली तर जिथून निघालं तिथेच गेलं पाहिजे, नाहीतर दोन अनोळखी झिजा एकमेकींशी भांडायला लागतात.

काही गोष्टींवर विचार करायचाच नसतो. पाणी आणि जळणारा वायू वेगळे ठेवणारी रबरी सीलं, तेलाच्या कड्यांमधले ओ-रिंग, गास्केट ही नवीच. इंजिन एकदा चांगलं तापलं की हे रबर कडक होतं, आणि पुढची बिघाडाची गोष्ट बहुधा त्याच्यापासून सुरू होते. सीलांच्या स्प्रिंगाही नव्या. उष्णतेनं त्यांची उसळी जाते, आणि नव्या-जुन्याच्या किमतीतला फरक इंजिन पुन्हा उतरवण्याच्या मजुरीपुढे नगण्य आहे.

एपेक्स सीलचा हिशेब आकड्यांचा. आरएक्स-७ च्या २ मिलिमीटर जाडीच्या सीलची नव्यानं उंची ८ मिलिमीटर, मर्यादा ६.५. त्याखाली गेलेलं सील निरुपयोगी. ७.२ निघालं तर? कागदावर ते चालतं. पण ते पुढे किती हजार किलोमीटर चालेल ते त्यानं कुठं लिहून दिलेलं नसतं, आणि इंजिन तर उघडलेलंच असतं. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत एपेक्स सील सहसा नवंच टाकतात. त्याच्याआधी रोटरची खाच तपासतात. खाच रुंद झालेली असेल तर नवं सील त्यात डुलतं. तेव्हा काही कारागीर खाच मिलिंगवर कापून ३ मिलिमीटरचं जाड सील बसवतात. मिस्त्रींच्या भाषेत सांगायचं तर रोटरीतलं हेच काय ते 'ओव्हरसाइज'.

साइड सीलचं काम पाहण्यासारखं आहे. नवी पट्टी थोडी लांब येते. ती रोटरच्या बाजूच्या वक्र खाचेत ठेवायची, कोपऱ्यात कॉर्नर सील बसवायचं, आणि दोघांमधल्या फटीत फीलर गेजचं पान घालून बघायचं. फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर हवी. पान शिरत नसेल तर सीलचं टोक कानशीवर दोनदा ओढायचं, फुंकर मारायची, पुन्हा पान घालायचं. एकदा जास्त ओढलं की पट्टी वाया. कमी ओढलं तर इंजिन तापल्यावर पट्टी वाढून कॉर्नर सीलला रेटते आणि दोघंही अडकतात. दोन रोटरच्या इंजिनाला हे बारा वेळा करायचं. घाई असलेल्या माणसाचं हे काम नाही.

महागडी भिंत

आता मिस्त्रींच्या प्रश्नाकडे.

पिस्टनच्या इंजिनात सिलिंडर घासला तर बोअर मारून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन टाकतात. तेही संपलं तर लायनर. लोखंड काढून दुरुस्ती करण्याची ही जुनी, भरवशाची वाट आहे. रोटरीत ही वाट बंद. शेंगेचा आकार रोटरच्या मापाशी गणितानं बांधलेला असतो. भिंत थोडी मोठी केली तर तिला बसणारा मोठा रोटर कोणी बनवत नाही. शिवाय ॲल्युमिनियमच्या घरात आतून पोलादी पत्र्याचं अस्तर असतं आणि त्यावर कठीण क्रोमचा पातळ थर. तो थर म्हणजेच भिंत.

त्यात रोटरीची आणखी एक खोड आहे. पिस्टनच्या इंजिनात एकाच जागी थंड मिश्रण येतं आणि तिथंच ते जळतं. रोटरीत आत घेण्याची बाजू कायम थंड, जळण्याची बाजू कायम तापलेली. एका घराची एक भिंत माथेरानला आणि दुसरी चंद्रपूरच्या मे महिन्यात. म्हणून हाउसिंग सगळीकडून सारखं झिजत नाही. त्याची जाडी चार ठिकाणी मायक्रोमीटरनं मोजतात. ठरलेल्या जागेचं माप आणि उरलेल्यांतलं सर्वांत कमी माप यांत ०.०६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढ्या जाडीपेक्षा, जास्त फरक असेल तर ते हाउसिंग बाद.

त्याच्याआधी डोळे आणि नख. भिंतीच्या कडेशी क्रोमचे पापुद्रे उडालेत का? स्पार्क प्लगच्या भोकाभोवती तडे आहेत का? नख सीलच्या वाटेवरून फिरवताना कुठे अडकतं का? फिकट रेषा दिसतात पण नखाला लागत नाहीत, असं हाउसिंग बरेच कारागीर परत वापरतात. नख अडकलं तर नाही. टर्बो इंजिनात मिश्रण वेळेआधी धडाडून पेटलं आणि एपेक्स सील तुटलं असेल, तर तुकड्यांनी भिंत नांगरलेली असते, आणि जाता जाता टर्बोची पातीही खाल्लेली असतात. मग नखाची गरजच उरत नाही.

बिडाच्या प्लेटांचं नशीब थोडं बरं. त्यांच्यावर साइड सीलनं पाडलेली पायरी मोजतात, सपाटी बघतात. वाकडेपणाची मर्यादा ०.०४ मिलिमीटर. जास्त झालं तर लॅपिंग करून प्लेट पुन्हा सपाट करता येते. मात्र नंतरच्या इंजिनांच्या प्लेटांवर नायट्रायडिंगचा कडक थर असतो. लॅपिंगमध्ये तो गेला तर खालचं बीड मऊ, आणि प्रक्रिया पुन्हा केल्याशिवाय प्लेट टिकत नाही. हाउसिंगवरही जुना थर घासून नवा चढवून देणारे कारागीर जगात मोजके आहेत. बोअरला पर्याय म्हणाल तर हा. मिस्त्रींना पुढे मी हेच सांगितलं, की इथे धातू काढून भागत नाही, चढवावा लागतो.

शाफ्ट सहसा टिकतो. रोटर साफ करून परत वापरतात. मात्र त्याच्यावर वजनगटाचं अक्षर ठोकलेलं असतं. एक रोटर बदलायचा झाला तर जोडीला जवळच्या वजनगटातलाच हवा, नाहीतर ज्या थरथरीच्या अभावासाठी हे इंजिन घेतलं ती परत येते.

जोडीचा न्याय

नवं ते चांगलं, असं इथे सरसकट म्हणता येत नाही. ओरखडे असलेल्या भिंतीवर महागडं, कठीण नवं सील टाकलं तर ते भिंतीची उरलेली साल काढतं. मऊ सील टाकलं तर भिंत त्याला खाते. जुनं सील नव्या भिंतीवर टाकलं तर दुसऱ्याच्या पायात घडलेली चप्पल घातल्यासारखं होतं. टेकतं, पण सगळीकडून नाही. रोटरीत भागाची किंमत एकट्याची करता येत नाही. तो ज्याला घासणार आहे त्याच्यासह करावी लागते.

शर्यतीच्या गाडीत हा न्याय वेगळा लागतो. जून १९९१ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी नं जिंकली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. चार रोटर, सिरॅमिकची एपेक्स सीलं, ३६२ फेऱ्या. शर्यतीनंतर इंजिन उघडलं तेव्हा आतले भाग सुस्थितीत निघाले. पण ते इंजिन एका रात्रंदिवसासाठी बांधलेलं होतं, आणि त्याच्या सीलांचा खर्च कुणाच्या घरखर्चातून जात नव्हता.

आज हा प्रश्न आणखी अवघड झालाय. आरएक्स-७ ची शेवटची गाडी २००२ मध्ये बनली, आरएक्स-८ ची २०१२ मध्ये. जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, प्वेर्तो रिको अशा ठिकाणी या गाड्या जिवापाड जपणारे लोक आहेत. माझदानं जुन्या आरएक्स-७ चे काही भाग पुन्हा बनवायला घेतले, पण सगळे नाहीत. नवं हाउसिंग सहज मिळायचं तेव्हा शंका आली की टाकून देता यायचं. आता शंका आली की पुन्हा मोजावं लागतं. टाकायची मर्यादा पुस्तकात तीच राहिली, टाकणाऱ्याचा हात मात्र अडखळायला लागला. कंपनीनं स्वतःही धडा घेतलेला दिसतो. २०२३ मध्ये एमएक्स-३० या गाडीतून वीजनिर्मितीसाठी परत आणलेल्या ८३० सीसीच्या एकरोटरी इंजिनात एपेक्स सीलची जाडी २ वरून २.५ मिलिमीटर केलीय.

आपल्याकडे रोटरी मोटारी नाहीतच म्हणा. पण रोटरी इंजिन आलं ते नगरला. तिथली, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, बेंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या विमान संशोधन संस्था यांनी मिळून निशांत या चालकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन बनवलं. २००९ मध्ये कोलारला ते उडालं. शेंगेच्या आतल्या भिंतीसाठी एनएएलनं निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर विकसित केला. मोटार असो की विमान, भिंत आणि सील यांचं गणित सुटल्याशिवाय हे इंजिन कुणालाच पुढे जाऊ देत नाही.

मिस्त्रींना मी हे सगळं सांगितलं. त्यांना थराची गोष्ट आवडली, पण पटलं ते दुसरंच. चांगला रोटरी कारागीर प्रत्येक भागाचं माप, परत वापरलेल्याचं आणि नव्याचंही, एका कागदावर लिहून मालकाच्या हातात देतो. "हां," ते म्हणाले, "आमच्याकडं तेवढंच ऱ्हातंय."

त्यांचं म्हणणं फक्त रोटरीपुरतं नाही. ट्रॅक्टरचं इंजिन असो, पंपाचं असो, की स्कूटरचं, काम करणारा म्हणतो "सगळं नवं टाकलंय" आणि आपण मान डोलावून पैसे देतो. काय टाकलं ते बिलात असतं. काय ठेवलं, आणि ते का ठेवण्याजोगं होतं, हे कुठेच नसतं. पुढच्या वेळी इंजिन बांधून घ्याल तेव्हा बिलाबरोबर मापांचा कागदही मागून घ्या.